मासा कुठल्या पाण्यातला?

आमचे एक स्नेही आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. रविवारी सकाळी फिरून येताना आमच्याकडे चहाला थांबतात. परवा आले तेव्हा टेबलावरचं पुस्तक त्यांनी उचललं, चष्मा वर-खाली करून मागची चार वाक्यं वाचली आणि म्हणाले, "अहो मास्तर, पंच्याहत्तरी आली. आता या वयात ज्ञानेश्वरी वाचायची की खून?"

मी हसलो आणि विषय बदलला. पण ते गेल्यावर वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री झोपही नीट लागली नाही. समोरासमोर वाद घालायची माझी सवय कधीच नव्हती, सौ. सोडून कोणाशी. म्हणून हा लेख. त्यांना छापून नेऊन देणार आहे, कारण ते कॉम्प्युटरच्या वाटेला जात नाहीत.

आधी पुस्तकाविषयी. मुंबईची पुतणी गणपतीत आली होती, ती जाताना विसरून गेली. 'स्केल्स ऑफ जस्टिस', लेखिका नायो मार्श, साल १९५५. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी पुस्तक म्हणजे शब्दकोश उशाशी घेऊन बसायचं. त्यात या पुस्तकातले अर्धे शब्द मासेमारीचे, ते आमच्या जुन्या शब्दकोशात सापडतही नाहीत. तरी तीन आठवड्यांत संपवलं. दोनदा भात करपला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

गोष्ट इंग्लंडमधल्या एका खेड्यातली आहे. हिरवं, नीटनेटकं खेडं, मधून वाहणारी लहानशी नदी, काठावर चार जुनी घराणी. नदीत ट्राउट मासे. ते गळाला गांडूळ लावून पकडायचे नाहीत, तो तिथे गावंढळपणा. पिसं आणि दोरा घेऊन खोटी माशी बांधायची, आणि लांब लवलवत्या काठीने ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की ट्राउटला ती खरीच वाटावी. नदीचा कुठला तुकडा कोणाच्या हक्काचा हेही ठरलेलं. पुलाच्या या बाजूला माझं पाणी, त्या बाजूला तुझं. एक जुना, अवाढव्य, कोणालाच न सापडणारा ट्राउट आहे, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. आणि एके संध्याकाळी काठावर कर्नल कार्टरेट मरून पडलेला सापडतो. शेजारी तोच मासा.

आता सगळं इथे अडतं. तो मासा कर्नलने पकडला का? कर्नलला स्वतःला माशांच्या खवल्यांच्या अभ्यासाचा नाद. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून माशाचं वय आणि त्याची वाढ कळते. हे मार्शबाईंनी रचलेलं नाही, मत्स्यशास्त्रात खरोखर असंच वय मोजतात. दोन माशांचं आयुष्य सारखं गेलेलं नसलं तर खवलेही सारखे नसतात. पोलीस अधिकारी अ‍ॅलन कपड्यांवर चिकटलेले खवले गोळा करतो, एका मांजरीने खाऊन टाकलेल्या माशाचे अवशेषसुद्धा सोडत नाही, आणि त्या खवल्यांवरून खुनी कोण ते ठरतं. कोण ते मी सांगणार नाही. पुतणीने दम दिलाय.

याच जातीची आणखीही पुस्तकं आहेत, असं तिच्याकडून कळलं. सिरिल हेअर नावाच्या बॅरिस्टरांचं १९३८ सालचं 'डेथ इज नो स्पोर्ट्समन'. त्यात चार जणांनी भागीदारीत नदीच्या मासेमारीचा हक्क घेतलेला असतो आणि गावचा जमीनदार काठावर मेलेला सापडतो. डोरोथी सेयर्सबाईंचं १९३१ सालचं 'फाइव्ह रेड हेरिंग्ज' स्कॉटलंडमधल्या गॅलोवे भागात घडतं. तिथे माणूस एक तर चित्रं काढतो नाही तर मासे पकडतो. मी अजून वाचलेली नाहीत. तब्येतीने साथ दिली तर वाचीन.

तर आता स्नेह्यांच्या आक्षेपांकडे वळतो. रविवारी ते फक्त एक वाक्य बोलले, पण गेली तीस वर्षं त्यांचे आक्षेप मी ऐकतोय, तेव्हा तिन्ही इथे मांडतो.

पहिला आक्षेप : हे हलकं साहित्य आहे. वेळ घालवायला.

हा आक्षेप फार थोरामोठ्यांनीही घेतलेला आहे. एडमंड विल्सन हे अमेरिकेतले मोठे समीक्षक. त्यांनी १९४५ साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ साधारण असा, की रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा कोणाला? अ‍ॅक्रॉइड म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या गाजलेल्या कादंबरीतला मेलेला माणूस. विल्सनसाहेबांनी त्या लेखासाठी नायो मार्शचीही एक कादंबरी वाचली आणि नाक मुरडलं.

या 'पर्वा कोणाला' वर मी परत येणार आहे. सध्या एवढंच म्हणतो, की हलकं साहित्य म्हणून नाक मुरडण्यात मीही मागे नव्हतो. मंडळी, मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. वर्गात पाठ्यपुस्तकाच्या आत लपवलेली बाबूराव अर्नाळकरांची किती पुस्तकं मी जप्त केली असतील त्याला गणती नाही. झुंजार, काळापहाड, धनंजय... बाकाखालून ओढून काढायची, दोन छड्या द्यायच्या, आणि पुस्तक कपाटात. अर्नाळकर १९०६ साली जन्मले, १९९६ साली गेले, आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून गेले. अर्ध्या महाराष्ट्राला वाचनाची गोडी त्यांनी लावली आणि आम्ही मास्तरांनी छड्या मारून ती सोडवायचा प्रयत्न केला. जप्त केलेली पुस्तकं रात्री कंदिलाच्या उजेडात कोण वाचायचं ते आता सांगायला हरकत नाही. मीच वाचायचो. सकाळी परत कपाटात.

बंगाल्यांनी असं केलं नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय हे ऐतिहासिक कादंबऱ्यांचे नावाजलेले लेखक. त्यांनी १९३२ पासून ब्योमकेश बक्षी लिहिला. सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदा लिहिला. तिथे कोणी म्हटलं नाही की एवढा मोठा माणूस हे काय लिहितो. १९९३ साली बासू चॅटर्जींचा ब्योमकेश दूरदर्शनवर लागला तेव्हा आमच्या गल्लीतले हे मुख्याध्यापक स्नेहीसुद्धा सोडत नव्हते. तेव्हा ज्ञानेश्वरी कुठे होती, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते म्हणतात : "हे कोडं साहेबाच्या देशात शोभतं. आपल्या खेड्यात खून झाला तर कोणी केला ते चहाच्या टपरीपर्यंत सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग रहस्य कसलं?"

बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. पण मी त्यांना म्हणेन, पुस्तक वाचून बघा. त्या इंग्रज खेड्यातही बऱ्याच जणांना बरंच काही माहीत असतं. एका बड्या घराण्याची जुनी लाज आहे, ती झाकण्यासाठी चांगली चांगली, देवभोळी माणसं तोंड मिटून बसतात. कोणी खोटं बोलत नाही, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही. खरं रहस्य तिथेच आहे. माहीत असणं आणि सांगणं यांच्यामध्ये जे अंतर असतं ना, त्यातच ही सगळी कादंबरी घडते. आणि हे अंतर इंग्लंडपेक्षा आपल्याकडे कमी आहे असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आणि एक गंमत सांगतो. हे अस्सल इंग्रज खेडं जिने रंगवलं ती नायो मार्श इंग्लंडची नव्हेच. ती न्यूझीलंडची, क्राइस्टचर्चची. इंग्लंडला जाऊन येऊन तिने ते खेडं शिकून घेतलं. आणि तो ट्राउट तरी न्यूझीलंडचा कुठे? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नेऊन तिथल्या नद्यांत सोडला, जसा १९०० च्या सुमाराला काश्मीरमध्ये सोडला. म्हणजे मासाही उपरा आणि लेखिकाही. तेव्हा 'ते त्यांच्या मातीतलं आहे, आपल्याला जमायचं नाही' हे काही मला पटत नाही. शिकून घेतलं तर जमतं.

मग आपल्याला का जमलं नाही? इथे मी जरा साहित्याच्या प्रांतात शिरतो. बी.ए. ला मराठी होतं, तेवढा अधिकार असावा.

ज्या १९५५ साली 'स्केल्स ऑफ जस्टिस' निघालं त्याच साली आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पुस्तकरूपाने आली. एका मास्तरची गोष्ट, त्यामुळे मला जास्तच जवळची. त्यात माणदेशातलं झाड, मेंढरू, पाखरू, माणूस, सगळं नावानिशी ओळखीचं. आणि तेव्हाच दुसरीकडे अर्नाळकरांचा धडाका चालू होता. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण या रहस्यकथा बहुतेक शहरातल्या. मोटारी, पिस्तुलं, तळघरं, हिऱ्यांचे हार, वेषांतर. नायक धावतो, मारामारी करतो, खलनायकाचा मुखवटा ओढून काढतो. खवले मोजत बसायला त्याला वेळ नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, तो एक गावाकडचा म्हणावा, पण तो पडला मुलांचा.

म्हणजे आपल्या एका फळीवर गाव आहे पण रहस्य नाही, आणि दुसऱ्या फळीवर रहस्य आहे पण गाव नाही. या दोन फळ्या माझ्या वाचनात तरी कधी एकत्र आल्या नाहीत. कारण माझ्या मते असं : ज्यांना आपण साहित्यिक म्हटलं त्यांना हे लिहिणं कमीपणाचं वाटावं अशी हवा आपणच तयार केली, आणि ज्यांना आपण हलकं म्हटलं त्यांना महिन्याला पुस्तकं पाडायची होती. माशाचं नाव विचारायला थांबायची फुरसत एकालाही मिळाली नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो. ते म्हणतात : "अशा गोष्टी वाचून काय मिळतं? एक माणूस मेला, दुसऱ्याने शोधलं, संपलं. आयुष्याला काय उपयोग?"

उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. घरातही कोणाला सांगितलेला नाही.

साल १९७९. मी तेव्हा भिवपुरीला नव्हतो, दुसऱ्या एका तालुक्यात, नदीकाठच्या गावी शाळेवर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. होळी नुकतीच झाली होती. सकाळी शाळा भरायच्या वेळेला कोतवाल बोलवायला आला, "गुरुजी, पंच म्हणून या." नदीवर एक माणूस मेला होता. वीटभट्टीवरचा मजूर, कातकरी, तिशीचा असेल. नदी आटलेली, गोट्यागोट्यांतून पाणी वाहतंय, आणि हा एका खडकाशी पालथा. डोक्याला मागे जखम. बाजूला गळाची काठी. आणि निरगुडीच्या फांदीत कल्ल्यांतून ओवलेल्या दोन मरळी.

पंचनामा सरळ होता. मासे पकडायला आला, शेवाळावरून पाय घसरला, डोकं आपटलं. हवालदार सांगत होता, मी लिहीत होतो, कारण माझं अक्षर चांगलं. दुसरे पंच गावातले एक दुकानदार. आम्ही दोघांनी सह्या केल्या. अकस्मात मृत्यू.

काठावर माणसं जमली होती, त्यांत शाळेतली पोरंही. सातवीतला एक कातकऱ्याचा मुलगा होता, शाळेत कमी आणि नदीवर जास्त. तो माझ्या धोतराला हात लावून हळूच म्हणाला, "गुरुजी, यो मासा हितला नाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

तो म्हणाला, "यो खड्ड्यातला हाय. भट्टीच्या. कल्ल्यात माती बघा."

मी पाहिलं. खरंच, कल्ल्यांत पिवळी चिकणमाती होती. नदीला तिथे माती नाही, गोटे आणि वाळू. माशाची पाठही काळीकुट्ट होती, गढूळ, साचल्या पाण्यात राहणाऱ्या मरळीची असते तशी. हे आज मी लिहू शकतो. त्या दिवशी मी त्याला काय म्हटलं? "गप बस. शाळेत जा."

बास. एवढंच.

आता कोणी म्हणेल, त्या मजुराने मासे आदल्या रात्री भट्टीजवळच्या खड्ड्यात पकडले असतील आणि सकाळी नदीवर पुन्हा गळ टाकायला आला असेल. असेलही. मीही गेली इतकी वर्षं स्वतःला हेच सांगत आलोय. तिथे काही वाईट घडलं असं मी म्हणत नाही, म्हणायला माझ्याजवळ काही नाही. पण विचारायला काय हरकत होती? रात्री तो कुठे होता, कोणाबरोबर होता, खड्ड्यावर काही झालं का, उचल किती अंगावर होती... पोलिसाने नाही विचारलं, मीही नाही. त्या मुलाने एका वाक्यात पुरावा पुढे ठेवला होता, माशाचा. मी त्याला शाळेत पाठवलं. पुढच्या जूनपासून तो शाळेत आलाच नाही. भट्टीवर गेला असं ऐकलं.

तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमात असं होतं, की अशा मृत्यूची चौकशी शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष करावी. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ कलम म्हणून आलंय, आणि ही अट तिथेही आहे. प्रतिष्ठित. हा शब्द मी गेल्या महिन्यात पुन्हा वाचला आणि पुस्तक मिटून बसलो. मी प्रतिष्ठित होतो. दुकानदार प्रतिष्ठित होते. आम्हा दोघांनाही मरळ आणि शिंगटी यांत फरक सांगता आला नसता. ज्याला सांगता येत होता तो मात्र प्रतिष्ठित नव्हता.

म्हणून मी म्हणतो की हे साहित्य हलकं नाही. विल्सनसाहेब विचारतात, पर्वा कोणाला? रहस्यकथेचा सगळा जीव याच्या उत्तरात आहे. तिथे एक माणूस मरतो, आणि तो कसाही असो, चांगला, वाईट, कंटाळवाणा, लेखक म्हणतो की हा कसा मेला ते कळल्याशिवाय आपण इथून हलायचं नाही. आणि ते कळण्यासाठी प्रत्येकाला विचारावं लागतं. 'स्केल्स ऑफ जस्टिस'मध्ये प्रेत पहिल्यांदा दिसतं ते गावच्या परिचारिकेला, सायकलवरून फिरणाऱ्या नर्स केटलला. बड्या घरातल्या बायका जितक्या गांभीर्याने ऐकल्या जातात तितक्याच गांभीर्याने तिचंही म्हणणं ऐकलं जातं. हॉवर्ड हेक्राफ्ट या अभ्यासकाने १९४१ सालीच म्हणून ठेवलंय, की ही कथा लोकशाही देशांत वाढते, कारण तिथे माणसाला दोषी ठरवायला पुरावा लागतो. त्यात मी माझी भर घालतो : पुरावा लागतो म्हणजे तो ज्याच्याजवळ आहे त्याच्या दारात जावं लागतं. मग तो कोणी का असेना.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो, नाहीतर स्नेही म्हणतील मास्तर वकिली करतात. या पुस्तकात दोषही आहे आणि तो लहान नाही. मार्शबाईंची माया जुन्या घराण्यांवर आहे. बाहेरून आलेली, 'आपल्यातली' नसलेली माणसं त्यांच्या लेखणीला जरा खुपतात. वाचताना मला ते टोचलं. इंग्रजांचा जातिभेद आपल्यासारखा पंगतीत दिसत नाही, तो बोलण्याच्या ढबीत आणि काटा-चमच्यात असतो, पण असतो नक्की. म्हणजे सगळ्यांना विचारायचं हा नियम त्या जातीच्या कथेने घालून दिला खरा, पण तो नियम पाळताना लेखिकेचाही पाय घसरला. तरी नियम नियमच. आपण तो अजून घालूनही घेतलेला नाही.

आता जरा आमच्या भिवपुरीकडे. आमच्या अंगावर सह्याद्रीचा कडा आहे, वर ठोकरवाडीचं धरण, खाली टाटांचं १९२२ सालचं वीजघर. वीज करून सोडलेलं पाणी पेज नदीला येतं, म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते आणि पुढे उल्हासला मिळते. पहिल्या पावसात वलगण चढते, मासे उलटे पाण्यावर येतात, तेव्हा कातकरी वाडीतली माणसं रात्रभर पाण्यात असतात. रविवारी मुंबईहून मोटारी घेऊन लोक येतात, हातात नव्या नव्या चकचकीत काठ्या. दर पावसाळ्यात धबधब्यावर नाही तर डोहात कोणी ना कोणी बुडतं. पेपरात दोन ओळी येतात आणि आपण पान उलटतो. कोणी सुरुंग लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून अख्खा डोह मारतो, पांढरी पोटं वर करून मासे तरंगतात. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे बरं का. पण इथेही तेच, पर्वा कोणाला?

हे सगळं रहस्यकथेचंच साहित्य आहे. नदी आहे, हक्काची भांडणं आहेत, उपरे आहेत, गप्प बसणारी घराणी आहेत, आणि पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं आहेत. ज्यांना सरकार 'विशेष असुरक्षित' जमातींत धरतं, त्या तीन जमाती महाराष्ट्रात : कातकरी, कोलाम, माडिया गोंड. त्यांतली पहिली आपल्या दारात. त्यांना कुठल्या कोंडीत कुठला मासा आणि त्याचा रंग कोणत्या महिन्यात कसा, हे विचारून कोणी लिहून ठेवलंय का? कर्नल साइक्स नावाचा इंग्रज १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापून गेला. महसीर म्हणतात तो आपला मोठा मासा, त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आहे. तो साइक्सने इथल्याच माणसांच्या तोंडून उचलला. एक गोरा कर्नल येऊन माशाचं नाव विचारून जगाला सांगतो, आणि मी मराठीचा मास्तर छत्तीस वर्षं 'जलचर' शब्दाचा समास सोडवत बसलो.

म्हणून ब्लॉग लिहिणाऱ्या तुम्हा तरुण मंडळींना विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जणांची लेखणी चांगली आहे. कविता पुरे झाल्या (रागावू नका). एक रहस्यकथा लिहा, आपल्या इकडची. पिस्तूल नको, तळघर नको. एक डोह घ्या, एक मेलेला माणूस घ्या ज्याच्यासाठी कोणी थांबणार नाही, आणि त्याच्यासाठी थांबा. लिहायच्या आधी वाडीवर जाऊन चार दिवस बसा. आणि तुमच्या गोष्टीत एखादा मास्तर पंच म्हणून आला तर त्याला निदान प्रश्न विचारायची बुद्धी द्या.

मी स्वतः या वयात कादंबरी लिहिणार नाही. पण येत्या ज्येष्ठात, वलगणीच्या वेळी, वही घेऊन वाडीवर जायचं ठरवलंय. माशांची नावं, आणि कुठला कुठल्या पाण्यातला, एवढं लिहून काढीन. सौ. म्हणते, "पावसात पडाल." बघू.

स्नेह्यांना हा लेख रविवारी देतोय. ज्ञानेश्वरीचं म्हणाल तर ती रोज सकाळी वाचतोच. मार्शबाईंचं पुस्तक पुतणीने परत मागेपर्यंत माझ्याकडे आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा. समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेत. त्यांतले काही चुकले असतील, सांभाळून घ्या.